टपालाच्या चाळणीची परीक्षा

मेळघाटातील एखाद्या ग्रामपंचायतीने पाणीटंचाईचा प्रस्ताव ई-मेलने अमरावतीस पाठविला आणि सर्व्हरवरील गाळणीने तो जाहिरात समजून बाजूस टाकला, तर काय होईल? ग्रामपंचायत उत्तराची वाट पाहत राहील. कार्यालयास प्रस्ताव आल्याचा पत्ताही लागणार नाही. कागदी टपालाची बारनिशीत निदान नोंद तरी होत असे.

अनाहूत टपालाचा उपद्रव जुनाच आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अर्पानेट या संगणक-जाळ्यावर एका संगणक कंपनीची जाहिरात सुमारे चारशे जणांना धाडण्यात आली, हे त्याचे पहिले ठळक उदाहरण होय. आज गाळणीवाचून सर्व्हर चालविणे अशक्य आहे. प्रश्न एवढाच, की गाळणी चांगली हे ठरवावे कसे?

विक्रेते अचूकतेची टक्केवारी सांगतात. ती फसवी असते. समजा, एक हजार पत्रांपैकी ९०० निरर्थक व १०० कामाची आहेत. पहिल्या गाळणीने ८९० निरर्थक पत्रे अडविली, पण कामाची ८ पत्रेही अडविली. तिची अचूकता ९८.२ टक्के. दुसरीने ८६० अडविली, कामाचे एकही गमावले नाही. तिची अचूकता ९६ टक्के. आकड्याने पहिली सरस ठरते. परंतु दुसरीने सोडलेली ४० पत्रे लिपिक काही मिनिटांत पुसून टाकील, तर पहिलीने गिळलेल्या आठांत वरील प्रस्ताव असू शकतो. सर्वच पत्रे अडविणारी गाळणीदेखील येथे ९० टक्के अचूक ठरते! म्हणून अडविलेली कामाची पत्रे आणि सुटलेली निरर्थक पत्रे, हे दोन आकडे नेहमी वेगळे मागावेत. अमेरिकेत २००५ ते २००७ या काळात झालेल्या 'ट्रेक' चाचण्यांत हेच केले गेले. पहिल्या वर्षीच्या खुल्या संग्रहात ९२,१८९ पत्रे होती. ती कालक्रमाने एकेक करून गाळणीपुढे ठेवीत व तिने निर्णय दिल्यावरच तिला खरे उत्तर सांगत.

अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ असल्याने नमुन्याचे महत्त्व वऱ्हाडास नव्याने सांगावयास नको. उगवणशक्तीच्या चाचणीसाठी ४०० बिया घेतात, त्या पोत्याच्या तोंडावरच्या नव्हेत. येथेही निरनिराळ्या दिवसांची व शाखांची पत्रे घ्यावीत आणि गाळणीचा निकाल पाहण्यापूर्वीच माणसाने त्यांची वर्गवारी करावी. नमुना लहान असल्यास समाधान मानू नये. कामाच्या ३०० पत्रांत एकही चूक आढळली नाही, तरी प्रत्यक्षात शंभरात एक पत्र गमावले जात असणे शक्य आहे. मराठी पत्रांची मोजणी स्वतंत्र ठेवावी. मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकलेली गाळणी देवनागरीत चुकली, तर एकूण सरासरीत ते झाकून जाते.

आठवड्यातून एकदा अडविलेल्या पत्रांचा कप्पा उघडून त्यात सापडलेल्या कामाच्या पत्रांची तारीख, विषय व प्रेषक नोंदविणे कोणत्याही कार्यालयास जमण्यासारखे आहे. सर्व्हरने दारातूनच परतविलेली पत्रे मात्र या कप्प्यात येत नाहीत. त्यांची यादी सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून वेगळी मागवावी लागते.