घटक ६ : महाविद्यालयीन क्रीडास्पर्धा – निवड, कार्यक्षेत्र आणि प्रसिद्धिमूल्य

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• विद्यापीठीय स्पर्धांतील निवडीचे टप्पे सांगता येतील;
• कार्यक्षेत्राच्या सीमेचा खेळाडूच्या संधीवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल;
• निवडप्रक्रिया उलगडणारे क्रीडावृत्त लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, सामना कोणी जिंकला हे सांगणे हा क्रीडावृत्ताचा आरंभ होय. त्या विजयाने खेळाडूसाठी पुढचे कोणते दार उघडले, हे सांगितल्यावाचून वृत्त पूर्ण होत नाही. त्यासाठी निवडीची व्यवस्था समजून घेतली पाहिजे.

६.२ निवडीचे टप्पे

देऊळगाव राजा येथील महाविद्यालयाचा कबड्डीपटू प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेथील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यात स्थान मिळालेल्या खेळाडूस ‘कलर होल्डर’ म्हणतात. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील विद्यापीठांशी खेळतो. सांघिक खेळांत सामान्यतः प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांचा मार्गही याच कामगिरीवरून जातो.

महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्र कोणत्या पातळीवरील स्पर्धेचे आहे, याला तेथे महत्त्व असते. म्हणून निवडीचा प्रश्न केवळ मैदानापुरता राहत नाही.

६.३ सीमा आणि संधी

देऊळगाव राजाला जालना जवळ आहे आणि अमरावती त्याच्या कितीतरी पट दूर. तरीही येथील महाविद्यालये अमरावती विद्यापीठाच्या, तर जालन्यातील महाविद्यालये मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. शेजारचे खेळाडू त्यामुळे एका संघात येऊ शकत नाहीत.

ही सीमाही कायमची नसते. १९८३ पूर्वी विदर्भातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठास जोडलेली होती. त्या वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ आले. कबड्डीचा संघ बारा जणांचा धरल्यास, या पारंपरिक विद्यापीठांपुरत्या बाराच्या चोवीस आणि चोवीसाच्या छत्तीस जागा झाल्या. संधी वाढली, मात्र निवडीचे क्षेत्र लहान झाल्याने विभागीय स्पर्धेत प्रबळ संघ उभा करणे अवघड होऊ शकते. सीमाबदलाचे वृत्त लिहिताना या दोन्ही बाजू मांडाव्यात.

६.४ प्रसिद्धिमूल्य

आपल्याकडे सीमा प्रशासन आखते. अमेरिकेत महाविद्यालयीन संघांचे गट मुख्यतः दूरचित्रवाणीच्या पैशाने बदलतात. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधील दोन विद्यापीठे ‘बिग टेन’ या गटात गेली. नावात दहा असले तरी त्या गटात आता अठरा विद्यापीठे आहेत आणि ती दोन्ही महासागरांच्या किनाऱ्यांपर्यंत पसरली आहेत. विद्यार्थी-खेळाडूंचा प्रवास वाढला, पण प्रक्षेपणहक्कांचे उत्पन्नही वाढले. तेथे अंतिम फेरीचे संघ निवडसमिती ठरवते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा अपराजित फुटबॉल संघ प्रमुख खेळाडू जायबंदी झाल्यावर पहिल्या चारांतून वगळला गेला, तेव्हा या पद्धतीवर मोठा वाद झाला.

आपल्या पद्धतीत विभागीय स्पर्धेतून पुढे जाणारे संघ मैदानावरच ठरतात, हे तिचे बळ होय. परंतु विद्यापीठाचा संघ निवडताना येथेही निवडसमितीच असते आणि तिच्या निर्णयाकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. २०१४ पासून प्रो कबड्डी लीग घरोघरी पाहिली जाऊ लागली; त्याच खेळाचा आंतरमहाविद्यालयीन सामना मात्र स्थानिक पानावर दोन ओळींत संपतो. ज्या निवडीची बातमी होत नाही, तिचे निकष कोणी विचारत नाही. स्थानिक वार्ताहराचे खरे काम येथे आहे.

६.५ सारांश

निवड गुणांवर होते; परंतु ते गुण कोणत्या क्षेत्रात मोजले जावेत हे सीमा ठरवते. ती सीमा कोठे प्रशासन आखते, कोठे बाजारपेठ. निवडीचा निकष, पुढचा टप्पा आणि सीमेचा परिणाम या तीन गोष्टी सांगणारे वृत्तच वाचकाच्या व खेळाडूच्या उपयोगी पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. नवीन विद्यापीठाच्या स्थापनेमुळे खेळाडूंस होणारा एक लाभ व एक तोटा सांगा.
२. सीमा आखण्याच्या भारतीय व अमेरिकी पद्धतींतील फरक स्पष्ट करा.
३. तुमच्या तालुक्यातील एखाद्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे वृत्त सुमारे १५० शब्दांत लिहा. त्यात निवडीचा निकष व पुढचा टप्पा यांचा उल्लेख करा.