हाली, कलदार आणि पाण्याचा पेला

आपल्या होस्टेलवर प्रत्येक जण काही ना काही जमवतोच. कुणी एसटीची तिकिटं, कुणी क्रिकेटच्या मॅचची कात्रणं, कुणी बंद पडलेले मोबाईल, तर कुणी नुसत्या एटीकेटी! आमच्या मजल्यावर एक जण जळालेले आयसी बरणीत भरून ठेवतो. 'कामून रे?' विचारलं की म्हणतो, 'टाकवत नाही.' माझ्या मते संग्रहाच्या छंदाची याहून सरळ व्याख्या कुठल्याच पुस्तकात नसेल.

पण टाकवत नाही म्हणून जे साचतं ती अडगळ. तिला संग्रह म्हणायचं तर मांडणी लागते, नोंद लागते आणि मुख्य म्हणजे आपल्याकडं काय नाही हे माहीत असावं लागतं. ज्याच्याकडं १९६८ ते १९७१ दरम्यानची पिवळी, कमळाची वीस पैशांची तीन नाणी आहेत आणि चौथं नाही, त्याची झोप त्या चौथ्यापायी जाते. ती तीन नाणी मग त्याला दिसतसुद्धा नाहीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला आणि पुढं सगळा संग्रह त्याच्या नावानं उभा राहिला. गावोगाव फिरून त्यांनी काय आणलं, तर अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, वज्ऱ्या, दरवाजे. म्हणजे जे लोक भंगारात घालत होते तेच! सुमारे २०,००० वस्तू झाल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी हे सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. हैदराबादचे तिसरे सालारजंग यांचा संग्रहही मोठा, पण तो दिवाणाच्या घराण्याचा, पैसा हाताशी असलेल्या माणसाचा. मला स्वतःला केळकरांचा अडकित्ता जास्त जवळचा वाटतो. अडकित्ता आपल्याही घरी होता ना!

माझा छंद नाण्यांचा, त्यातही हैदराबाद संस्थानच्या. कारण सोपं आहे. मी जिंतूर तालुक्यातला. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा पैसा वेगळा होता. त्याला उस्मानिया सिक्का किंवा हाली सिक्का म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा भाव होता. शंभर कलदार रुपयांचे हाली करायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै. हे गणित कॅल्क्युलेटरशिवाय करून बघा, मग आजोबा लोकांचा हिशोब पक्का का होता ते कळेल. संस्थान खालसा झालं तरी हाली पैसा लगेच गेला नाही. भारतीय रुपयाच्या जोडीनं तो चालत राहिला आणि १९५९ मध्ये पूर्ण बंद झाला. स्वतःच्या नोटा काढायची परवानगी असलेलं हे एकमेव संस्थान, १९१८ पासून.

हाली रुपया ओळखायचा कसा? एका बाजूला चारमिनार. त्याच्या मधल्या कमानीत बघा, एक अक्षर असतं. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम' आणि १९११ नंतरच्या मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. साल हिजरी असतं, उर्दू आकड्यात. घाबरू नका, उभी रेघ म्हणजे एक, टिंब म्हणजे शून्य, इंग्रजी व्हीसारखा दिसतो तो सात आणि तोच उलटा केला की आठ. एवढ्यावर निम्मं काम होतं. हिजरीवरून इसवी सन काढायचं तर हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे साधारण तीन टक्क्यांनी लहान. म्हणून सालातून तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३३७ चे तीन टक्के ४०, उरले १२९७, अधिक ६२२, म्हणजे १९१९. प्रत्यक्षात १३३७ हिजरी ऑक्टोबर १९१८ ला सुरू होऊन पुढच्या साली संपलं. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, तेवढा चालतो.

आता मूळ मुद्दा. गेल्या उन्हाळ्यात आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पैशाची ओढाताण होती. आजीनं पितळी डब्यातून सात रुपये काढून पुढं ठेवले. तिच्या सासूनं दिलेले, सगळे हाली. 'मोडा हे,' म्हणाली, 'मला काय करायचेत आता?' काका एका सराफाकडं गेले. त्यानं हातात घेऊन वाजवले न वाजवले आणि 'हे जर्मन आहे, चांदी नाही' म्हणून वजनाला क्षुल्लक भाव सांगितला. जर्मन म्हणजे जर्मन सिल्व्हर, तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नाव सिल्व्हर, पण आत चांदीचा कणही नाही.

काका परत आले आणि आजीचा चेहरा उतरला. पैशाचं दुःख होतंच, पण सासूनं आपल्याला खोटं दिलं की काय हे जास्त लागलं. मी म्हणलं, 'थांब आजी, बघू आपण.' फर्स्ट इयरच्या फिजिक्सवर माझा एवढा विश्वास आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

माझ्याकडं खिशात मावणारा डिजिटल काटा आहे, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पद्धत अशी. आधी नाणी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणी बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला आणि कडेला टेकणार नाहीत अशी हातानं धरा. आता काटा जे वजन दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटीमीटर, म्हणून तेच नाण्यांचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता निघाली. हे सगळं आर्किमिडीजचं, माझं काही नाही. बुडबुडे मात्र चिकटू देऊ नका. आणि एकेक नाणं न मोजता तीन-चार एकत्र मोजा. एका नाण्याचं पाणी जेमतेम १.१ ग्रॅम, तिथं ०.०१ ची चूक म्हणजे एक टक्का. चार मिळून तीच चूक पाव टक्क्याच्या आत येते. एरर अ‍ॅनालिसिस व्हायवापुरतं नसतं, हे त्या दिवशी पटलं.

हाली रुपयाचं मूळ वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के. आमच्या चार नाण्यांचं वजन भरलं ४४.२ ग्रॅम, थोडी झिजलेली होती. पाणी सरलं ४.३५ ग्रॅम. घनता आली १०.१६. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. उरलेला भाग तांबं धरला तर चांदी निघते साधारण ८१ टक्के! जर्मन सिल्व्हरची घनता ८.७ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वजनाला ५ ग्रॅमहून जास्त पाणी सरलं असतं. ४.३५ कुठं आणि ५.०८ कुठं. उरलेल्या तिन्हींचंही उत्तर तेच आलं. एक सांगतो, या काट्यावर ८१.८ टक्क्यांचा हाली आणि ९१.७ टक्क्यांचा जुना कलदार एकेकटा ओळखायला जाऊ नका, फरक बारीक आहे. पण चांदी आहे की नाही, एवढ्या प्रश्नाला पेला पुरतो.

कागदावर आकडे लिहून काका दुसऱ्या सराफाकडं गेले. त्यानं कागदाकडं बघितलंही नाही, स्वतःच्या पद्धतीनं तपासलं आणि '८० टंच' म्हणाला. चार रुपये मोडले. तीन मी मागून घेतले, तेही आजीनं 'ने बाबा' म्हणाल्यावर. मोडलेल्या चारांतला एक १३३७ चा होता. ती चार नाणी आता कुणाच्या तरी पैंजणात असतील. ऑपरेशन नीट झालं, आजीला सुईत दोरा ओवता येतो. त्यामुळं वाईट वाटून घ्यायची सोय नाही, तरी वाटतं. मोडण्याआधी चौघांचेही फोटो, साल आणि वजन वहीत घेतलं, हे बरं झालं. तुमच्या घरी मोडायची वेळ आली तर एवढं जरूर करा.

ज्यांना यात पडायचंय त्यांच्यासाठी थोडं. नाणी चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी घासू नका. चमकतात, पण वरचा थर आणि बारीक अक्षरं जातात. रबर बँडमध्ये गंधक असतं, त्यानं चांदी काळी पडते. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. साधी कागदाची पाकिटं बरी. शेतात नांगरताना जुनी नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मर्यादा अजूनही दहा रुपयांचीच आहे! आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

'वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या' अशा मेसेजच्या नादी तर अजिबात लागू नका. ती नाणी २०१२ ची, भरपूर पाडलेली. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं, तरी आमच्या विंगमधल्या एकानं 'प्रोसेसिंग फी' भरलीच.

पैसे नसतील तर आजच खिशातल्या चिल्लरपासून सुरू करा. सालाच्या खाली बघा. चौकटीच्या आकाराची खूण मुंबईची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता आणि चांदणी असेल तर हैदराबाद. हैदराबादची टांकसाळ मूळ निजामाचीच. १९०३ मध्ये ती सैफाबादला गेली, १९५० मध्ये भारत सरकारकडं आली, १९९७ मध्ये चेर्लापल्लीला हलली. सैफाबादच्या जुन्या इमारतीत २०२२ पासून संग्रहालय आहे. म्हणजे आजीचा हाली आणि मेसवाल्यानं परत दिलेला चांदणीवाला रुपया एकाच घराण्यातले. सोबत लोहचुंबक ठेवा. १९८८ नंतरच्या स्टीलच्या पन्नास पैशांना तो चिकटतो, त्याआधीच्या तांबं-निकेलच्यांना चिकटत नाही आणि १९५० च्या दशकातल्या शुद्ध निकेलच्या रुपयाला पुन्हा चिकटतो. का, ते मटेरियल सायन्सच्या सरांना विचारा, त्यांना आनंद होईल.

माझ्याकडं सध्या तीन रुपये, सहा आणेल्या आणि काही पै आहेत. कमानीत 'मीम' असलेला रुपया अजून नाही. कुणाच्या घरी असेल तर विकत नको, फक्त बघायला आणि तोलायला द्या. काटा आणि पेला घेऊन मी येतो.