संगणकांची सामाईक खिडकी

जून महिना उजाडला की शाळेच्या कचेरीत एक काम आम्हांस नेमाने करावे लागते. एकाच विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख व इयत्ता आम्ही हजेरीच्या संगणकप्रणालीत भरतो, परीक्षेच्या प्रणालीत पुन्हा भरतो आणि शिष्यवृत्तीसाठी तिसऱ्यांदा भरतो. एके वर्षी या तीन लेखनांत एका मुलीच्या आडनावातील एक अक्षर बदलले. नाव जुळेना, म्हणून शिष्यवृत्ती अडली व तिच्या वडिलांना दोन महिने खेपा घालाव्या लागल्या. चूक आमच्या हातून झाली हे खरे. परंतु त्या तीन प्रणाली एकमेकींशी बोलत असत्या, तर ती चूक होण्याचा प्रसंगच आला नसता.

हे बोलणे घडावे कसे? टपालकचेरीतील खिडकी डोळ्यांपुढे आणा. आपण ठराविक अर्ज भरून देतो व पावती घेतो. आतील कारकून वह्या कोणत्या कपाटात ठेवतो, हे आपणांस ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. दोन संगणकप्रणालींमधील अशा ठरलेल्या खिडकीस 'एपीआय' म्हणतात. काय मागावे, कोणत्या शब्दांत मागावे व उत्तर कोणत्या रूपात मिळेल, एवढेच ती सांगते.

2001 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने, स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठांच्या सहकार्याने व मेलन प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने, 'ओपन नॉलेज इनिशिएटिव्ह' हा उपक्रम आरंभिला. त्या काळी प्रत्येक विद्यापीठ आपापली शिक्षणप्रणाली स्वतंत्रपणे रचीत असे. एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. या मंडळींनी नवी प्रणाली रचण्याऐवजी खिडक्यांचे नियम रचले. वापरणाऱ्याची ओळख पटविणे, त्याचे अधिकार ठरविणे, गुण नोंदविणे, अभ्यासक्रमाची मांडणी करणे, अशा प्रत्येक सेवेसाठी त्यांनी वेगळी व्याख्या लिहिली.

2004 साली मिशिगन, इंडियाना, स्टॅनफर्ड व मॅसॅच्युसेट्स येथील संस्थांनी एकत्र येऊन 'सकाई' ही सामाईक प्रणाली उभारावयास घेतली. मिशिगनच्या जुन्या प्रणालीचे नाव 'शेफ' असे होते. म्हणून नव्या प्रणालीस हिरोयुकी सकाई या जपानी बल्लवाचे नाव दिले, ही त्यातली गंमत. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मात्र पूर्वीच्या व्याख्या फार व्यापक व म्हणून वापरावयास अवघड वाटू लागल्या, आणि सकाईच्या कर्त्यांनी आपल्या सोयीच्या खिडक्या स्वतः घडविल्या. कागदावर निर्दोष असलेला नियम वापरणाऱ्याच्या हातात पेलला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'एलटीआय' या संकेताने आरंभी थोडकेच मागितले. विद्यार्थी आपल्या शिक्षणप्रणालीतून बाहेरच्या साधनाकडे गेला, तर त्याने पुन्हा परवलीचा शब्द देऊ नये, एवढीच प्रथम सोय झाली. त्या साधनातील गुण मूळ प्रणालीत परत येण्याची सोय पुढील आवृत्तीत आली. ही लहानशी खिडकी मात्र जगभर रूढ झाली.

खिडकी उघडली म्हणजे घर उघडे टाकले, असे नव्हे. कोणाची कोणती माहिती कोणास द्यावयाची, हे ठरविल्यावाचून खिडकी उघडणे हा अविचार होय. मुलांच्या माहितीच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी.

आमच्या घरी कोकणी बोलली जाते, वर्गात आम्ही मराठी शिकवितो आणि बाजारात शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्याचा यत्न करतो. एकत्र येण्यासाठी घरची भाषा टाकावी लागत नाही. भेटीच्या जागी कोणते शब्द वापरावयाचे, एवढे दोघांनी ठरवावे लागते. त्या संगणकतज्ज्ञांचे कार्य याच जातीचे होते. तुमच्यापैकी कोणी उद्या अशी प्रणाली रचू लागला, तर खेपा घालणाऱ्या त्या वडिलांची त्याने आठवण ठेवावी, हीच आमची इच्छा.