हौशी तंत्रज्ञांची मासिके आणि मुक्तस्रोत आरेखन

इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान केवळ व्याख्यानांतून आत्मसात होत नाही. त्यासाठी स्वतःच्या हातांनी परिपथ जुळवावा लागतो. हे कार्य तांत्रिक मासिकांनी दीर्घकाळ केले आहे. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' सारख्या मासिकांतून परिपथाची आकृती, सुट्या भागांची यादी आणि तांब्याच्या मार्गांचा प्रत्यक्ष आकाराचा नकाशा दिला जाई. वाचक तो नकाशा तांब्याचा पत्रा चढविलेल्या पट्टीवर उतरवून घेई आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पट्टी तयार करी. मासिकाची प्रत हाती असली की काम भागे.

संगणक आल्यावर हे चित्र पालटले. परिपथ आता संगणकावर आरेखित होतो, त्याची आभासी चाचणी घेतली जाते आणि पट्टीचा नकाशाही तेथेच तयार होतो. त्यामुळे छापील आकृतीइतकेच महत्त्व मूळ फाइलला आले. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, ते वाचकाजवळ नसेल तर आराखड्यात सुधारणा करणे त्याला दुरापास्त होते.

'ईगल' या आरेखन सॉफ्टवेअरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याची विनामूल्य आवृत्ती हौशी वर्गात लोकप्रिय होती. तीत पट्टीचा आकार १०० x ८० मिलिमीटर व थर दोन, अशी मर्यादा होती. २०१६ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले आणि २०१७ पासून सशुल्क आवृत्तीसाठी मुदतीच्या वर्गणीची पद्धत आणली. पुढे २०२३ मध्ये, ७ जून २०२६ पासून ते बंद होईल, असे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमविलेले आराखडे एका कंपनीच्या निर्णयावर कसे अवलंबून राहतात, हे यावरून ध्यानी येईल.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये हा धोका बराच कमी असतो. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता, सुधारता व वाटता येते. मूळ निर्मात्याने काम थांबविले तरी इतरांना ते पुढे नेता येते. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले 'कायकॅड' हे असेच सॉफ्टवेअर होय. जिनिव्हानजीकच्या 'सर्न' या संशोधन संस्थेने त्याच्या विकासास हातभार लावला. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात 'ईगल'चे आराखडेही उघडता येऊ लागले. परिपथाच्या आभासी चाचणीची 'स्पाइस' ही आज्ञावली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात १९७० च्या दशकात तयार झाली. ती खुली ठेवल्यामुळेच जगभर पसरली. 'एनजीस्पाइस' हे तिचेच मुक्त रूप आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट अशी की, कायकॅड व एनजीस्पाइस यांची सांगड घालणारे 'ईसिम' हे सॉफ्टवेअर मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पात विकसित झाले. केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय अभियानातून या प्रकल्पास साहाय्य मिळाले. परवान्याची रक्कम भरण्याची ऐपत नसलेल्या तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यालाही ते वापरता येते. अनधिकृत प्रतीचा आधार घेण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

तथापि, केवळ सॉफ्टवेअर विनामूल्य आहे म्हणून त्याचा प्रसार होत नाही. शिकविणारा नसेल तर ते संगणकात पडून राहते. येथेच मासिकांचे महत्त्व आहे. नुसत्या स्तुतिपर लेखापेक्षा एक साधा, उपयोगी प्रकल्प अधिक परिणामकारक ठरतो. उदाहरणार्थ, पाण्याच्या टाकीची पातळी दर्शविणारा परिपथ घ्यावा. त्यासोबत मुक्तस्रोत स्वरूपातील मूळ फाइल, वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक आणि आभासी चाचणीचे निष्कर्ष द्यावेत. पुढील अंकात वाचकांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांना स्थान द्यावे. अशा चार-सहा लेखांतून वाचक आरेखनाची सर्व अंगे क्रमाने शिकतो.

शिक्षकांनी अशा प्रकल्पांचा प्रात्यक्षिकांत समावेश करावा, तंत्रशिक्षण संस्थांनी आपल्या वार्षिकांकांतून विद्यार्थ्यांचे आराखडे फाइलींसह प्रसिद्ध करावेत आणि ग्रामपंचायतींनी आपल्या वाचनालयांत तांत्रिक मासिकांना जागा द्यावी. वाचकाने पाहिलेला परिपथ त्याला उघडता, तपासता व सुधारता आला, तरच त्याच्यातून उद्याचा तंत्रज्ञ घडेल.