मोरोगोरो ते इरिंगा

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टांझानिया हा देश आहे. टांगानिका व झांझिबार ही दोन राज्ये १९६४ साली एक झाली आणि दोहोंच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. या देशातील दार-ए-सलाम बंदरापासून नैर्ऋत्येकडे झांबियापर्यंत एक लांबलचक रस्ता गेला आहे. झांबियाला समुद्रकिनारा नाही. १९६५ साली शेजारच्या ऱ्होडेशियातील गोऱ्यांच्या सरकारशी बेबनाव झाल्यावर झांबियाचे तांबे दक्षिणेकडून बाहेर पाठविणे कठीण झाले, म्हणून हा रस्ता सुधारण्यात आला. पुढे चीनच्या साहाय्याने १८६० किलोमीटरचा लोहमार्गही बांधण्यात आला. आजही या रस्त्यावरून इंधन, खत आणि तांबे वाहणाऱ्या मालमोटारींची रांग अहोरात्र चाललेली असते. ज्याच्या खिशात पैसे थोडे, पण पायांत उत्साह पुष्कळ, अशा प्रवाशाला याच मालमोटारींचा आधार मिळतो.

मी मोरोगोरो गावी उतरलो होतो. गावामागे उलुगुरूचे निळसर डोंगर आणि आसपास घायपाताचे मळे. रस्त्यांवर आपल्या पुण्याच्या रिक्षा धावताना पाहून मला मोठी मौज वाटली. तेथे रिक्षेला ‘बजाजी’ म्हणतात; कारखान्याचे नावच वाहनाला चिकटले आहे! दुकानाला ‘दुका’, साबणाला ‘साबुनी’, बंदराला ‘बंदारी’ आणि विम्याला ‘बिमा’. शेकडो वर्षे मोसमी वाऱ्यांवर अरब, इराणी आणि भारतीय व्यापाऱ्यांची गलबते या किनाऱ्याला लागत. मालाबरोबर शब्दही उतरले आणि तेथेच राहिले. असे ओळखीचे शब्द ऐकून ही भाषा आपल्याला येते, असा मला उगाच भ्रम झाला; आणि तोच मला नडला.

इरिंगाची बस कधी सुटते, असे मी स्थानकावर विचारले. “सा तातू,” म्हणजे तीन वाजता, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला मी पिशवी घेऊन हजर झालो. स्थानकावरील माणसाने माझ्याकडे नवलाने पाहिले. बस सकाळी नऊ वाजताच निघून गेली होती! स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारासच उगवतो. त्यामुळे आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. वास्तविक आपल्याकडेही पूर्वी सूर्योदयापासूनच घटका मोजीत. पण मनगटावरील घड्याळाने मला ते विसरावयास लावले होते.

तिकिटाचे पैसे बुडाले. आणखी एक दिवस खोलीचे भाडे भरण्याइतकी शिल्लक नव्हती. मी गावाबाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. तेथे गाडी थांबविण्यासाठी अंगठा दाखवीत नाहीत. हात लांब करून तळवा जमिनीकडे ठेवतात आणि खालीवर हलवितात. शिवाय अशा गाडीत बसणे फुकट नसते. बसइतके नसले तरी त्याच्या जवळपास भाडे द्यावे लागते. त्याला ‘नौली’ म्हणतात, आणि ती गाडीत पाय ठेवण्यापूर्वी ठरवावी, हे उत्तम.

पहिली थांबली ती इंधनाची टाकी. चालकाचे डोळे लाल होते आणि जीभ अडखळत होती. भाडे अगदी थोडे सांगून त्याने दार उघडले. ऊन तापले होते आणि मोह मोठा होता. परंतु मी हात जोडून मागे सरलो. तो काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्यानंतर पाऊण तास एकही गाडी थांबली नाही. आपण चूक केली की काय, असे मला दहा वेळा वाटले.

अखेर खताची पोती भरलेली एक मालमोटार थांबली. चालक वयस्क होता. त्याच्याबरोबर एक तरुण क्लीनर होता. मी वाकून “शिकामो” म्हणालो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मी आपले पाय धरतो’ असा सांगतात. वडीलधाऱ्यांना असेच अभिवादन करावयाचे असते. म्हातारा प्रसन्न झाला, “मराहाबा” म्हणाला. पण नौली मात्र एका शिलिंगानेही उतरवीना. “गाडी डिझेलावर चालते, बाबा, नमस्कारावर नाही,” अशा अर्थाचे काहीतरी तो मोडक्या इंग्रजीत बोलला. मला हसू आले आणि मी वर चढलो.

दिवस कलताना आम्ही मिकुमीच्या अभयारण्यात शिरलो. राजमार्गच सुमारे ५० किलोमीटर या रानातून जातो. वाटेत जागोजाग गतिरोधक आहेत आणि कोणता प्राणी गाडीखाली आल्यास किती दंड, याचे फलकही आहेत. डाव्या हाताला जिराफांचा एक कळप बाभळींचे शेंडे खात उभा होता. पुढे हत्तींचा एक कळप रस्ता ओलांडीत होता. म्हाताऱ्याने यंत्र मंद केले, दिवे लावले नाहीत, भोंगा वाजविला नाही. शेवटचे पिल्लू पलीकडे जाईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

अंधार पडताच मिकुमी गावात मुक्काम केला. रात्री हाकावयाचे नाही, हा म्हाताऱ्याचा नियम होता. एका बाईच्या खानावळीत मक्याचा उगाली आणि घेवड्याची उसळ जेवलो. चपातीही होती, आणि तिचे नावही ‘चपाती’च! बाहेर ती इंधनाची टाकी उभी होती, आणि तो लाल डोळ्यांचा चालक बाकावर गाढ झोपला होता. तो मद्याने झिंगला होता की जागरणाने, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहाटे निघालो. रुआहा नदीच्या खोऱ्यात गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष दिसू लागले. पाने झडलेली, जणू मुळेच आभाळाकडे केली आहेत. नंतर किटोंगाचा घाट लागला. एका वळणाआधी रस्त्यावर झाडाच्या हिरव्या फांद्या ठेवलेल्या दिसताच म्हाताऱ्याने गाडी आवळली. पुढे एखादी गाडी बंद पडली आहे, अशी ती खूण असते. आपल्या घाटांतही हीच पद्धत आहे. खरोखरच वळणापलीकडे एक मालमोटार आडवी उभी होती. क्लीनरने उडी टाकली. त्याच्यामागून मीही उतरलो. चाकांमागे धोंडे लावणे, जॅक धरणे, खालून येणाऱ्यांना हात दाखविणे, यात दोन तास गेले. कोणी कोणाला नाव विचारले नाही. मालमोटार मार्गी लागली, तेव्हा फांद्या उचलून कडेला ठेवण्यास मात्र कोणी विसरले नाही.

इरिंगा उंच टेकडीवर वसले आहे. तेथे पोहोचल्यावर म्हाताऱ्याने ठरलेली नौली नीट मोजून घेतली आणि चहा मात्र स्वतःच्या पैशाने पाजला. क्लीनरने किती वाजले म्हणून विचारले. माझ्या घड्याळात दोन वाजले होते.

“सा नाने,” मी म्हणालो, “आठ वाजले.”

म्हातारा चहाचा पेला खाली ठेवून खो-खो हसला.