जोडीदाराच्या खाली निघून जातो

प्रश्न : स्कायडायव्हिंगमधलं फ्रीफ्लाय (बसून, उभ्याने किंवा डोकं खाली करून पडणं) शिकतोय. बसल्या स्थितीत मी नेहमी जोडीदाराच्या खाली जातो. वजन जास्त म्हणून का? – एक वाचक, देवळाली प्रवरा

उत्तर : वजनाचा वाटा आहेच, पण हवेला तुम्ही किती अंग देता, हे जास्त महत्त्वाचं. पोटावर पडताना ताशी सुमारे १९० किलोमीटर असलेला वेग डोकं खाली केलं की २५० पलीकडे जातो. जोडीदार वर दिसला की माणूस अंग चोरतो आणि आणखी वेगाने घसरतो. उलट करा : गुडघे फाकवा, हात खांद्याच्या रेषेत पसरा. ढगळ सूटही वेग कमी करतो. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारीत उडी घेतली, तिथेही कापड आणि हवेचाच हिशोब होता. आणि कळकळीने सांगतो, जोडीदाराच्या थेट खाली थांबू नका. तुमची छत्री चुकून उघडली, तर तो तुमच्यावरच आदळेल.