पत्र्याखालचा वर्ग आणि हवा खेळणारे छप्पर



प्राथमिक विभागाच्या वरच्या मजल्यावर पूर्वी मंगलोरी कौले होती, हे आज पालक झालेल्या आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. दरवर्षी मृगाच्या आधी शाकारणी करावी लागे. माकडे कौले फोडत आणि जुलैत बाकावर थेंब पडू लागले की बाक सरकवावे लागत. या कटकटीला कंटाळून कौले उतरवली आणि पत्रे घातले. गळती थांबली, पण एप्रिलमध्ये दुपारी त्या खोल्यांत बसणे कठीण झाले, आणि पावसाच्या आवाजात शिक्षकांचे बोलणे तिसऱ्या बाकापलीकडे जाईनासे झाले. आता ते पत्रे गंजले आहेत आणि येत्या सुटीत बदलायचे आहेत. एकदा बदलले की पुढची वीस-पंचवीस वर्षे मुले त्यांच्याच खाली बसणार. म्हणून या अंकात आम्ही विज्ञान शिक्षकांनी छपराचाच धडा घेतला आहे.

आधी पत्रा किती तापतो ते पाहू. स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा मिळते. जुना, काळवंडलेला पत्रा त्यातला मोठा भाग शोषून घेतो आणि त्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज चढते. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीत ३५-३६ अंश असते. तापलेली वस्तू किती उष्णता फेकते, हे तिच्या केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घातावर ठरते. नववी-दहावीच्या मुलांनी ३३८ आणि ३०८ यांचे चौथे घात काढून वजाबाकी करावी. गंजका पृष्ठभाग धरला तर पत्र्याकडून खाली दर चौरस मीटरला साधारण २०० वॅट उतरतात. २० फूट बाय २४ फूट खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस मीटर. म्हणजे नऊ हजार वॅट! हजार वॅटच्या नऊ विजेच्या शेगड्या डोक्यावर उलट्या टांगून मुलांना पाढे म्हणायला बसवल्यासारखे हे आहे. पंख्याने यात फारसा फरक पडत नाही. पंखा हवा हलवतो, पण पत्र्याकडून सरळ अंगावर येणारे प्रारण त्याला अडवता येत नाही.

मग कौलांखाली एवढे का तापत नव्हते? बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले कोकण, गोवा व आपल्या भागात घरोघर पोचली. ही कौले खाचेत खाच बसवून रिपांवर नुसती टेकवलेली असतात. पाऊस आत येत नाही, पण असंख्य सांध्यांतून हवा ये-जा करते. तापलेली हवा आढ्याजवळून निघून जाते आणि वळचणीकडून गार हवा आत येते. भाजलेली माती थोडी ओलही पिते आणि उन्हात सुकते. पत्रा मात्र सलग आणि घट्ट असतो. पाणी थांबले, त्याबरोबर हवाही थांबली.

परदेशात ज्याला ‘कोल्ड रूफ’ म्हणतात, त्या रचनेत हेच हवेचे येणे-जाणे पत्र्याखाली मुद्दाम घडवून आणतात. (पांढरा रंग लावलेल्या छपराला ‘कूल रूफ’ म्हणतात. ते वेगळे, घोटाळा करू नये.) ही रचना खरे तर बर्फाळ देशांतली. तिथे घरातली ऊब छपरातून झिरपली की वरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी थंड वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठते, तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे तुंबलेले पाणी छपरात शिरते. यावर उपाय असा, की उष्णतारोधक थर छताच्या पातळीवर घालायचा आणि त्याच्या वरची पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत उघडी ठेवायची. पोकळीत बाहेरचीच हवा खेळते, छप्पर थंड राहते आणि बर्फ वितळत नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, मग याचा काय उपयोग? दोन उपयोग आहेत. पहिला उन्हाळ्यातला. समुद्रसपाटीला ३५ अंशाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१५ किलो असते, ६० अंशाच्या हवेचे १.०६ किलो. हलकी हवा वर चढते. आढ्याशी वाट असेल तर ती बाहेर पडते आणि खालून नवी हवा ओढून घेते. वीज लागत नाही. दुसरा उपयोग पावसाळ्या-हिवाळ्यातला, आणि आमच्या मते तो जास्त दुर्लक्षित आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरते. आपण म्हणतो, पत्र्याला घाम आला. कोंडलेल्या पोकळीत ही ओल तशीच राहते, पत्रा खालून गंजतो, लाकूड कुजते, छताला बुरशी येते. हवा वाहती असेल तर सकाळच्या उन्हाबरोबर सगळे सुकते. पण दमट रात्री तीच हवा ओलही आत आणते. म्हणून पत्र्याखाली पाणी अडवणारा कागद हवा, आणि ठिबकलेले पाणी वळचणीकडे वाहून जाईल असा त्याला उतार हवा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या हवेने आपला उन्हाळा सुटत नाही, कारण तापलेला पत्रा पोकळीतल्या हवेला ओलांडून छतावर प्रारण टाकतच राहतो. त्यासाठी चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ थर लागतो. असा स्वच्छ थर मध्ये असला की प्रारण जवळजवळ विसाव्या हिश्श्यावर येते. मात्र त्याची चमकती बाजू मोकळ्या हवेच्या पोकळीकडे, आणि शक्यतो खाली तोंड करून असावी. वर तोंड केले तर दोन वर्षांत धूळ साचून चमक जाते. आणि तो पत्रा व छत यांच्यामध्ये दाबून बसवला तर पैसे वाया जातात, कारण उष्णता स्पर्शानेच पलीकडे जाते. बाजारात विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

आता मापे. अमेरिकेतील बांधकाम नियमांत छताच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी उघडी वाट मागितली जाते. आपल्या ४८० चौरस फुटांच्या खोलीला ३.२ चौरस फूट, निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याला. दोन्ही बाजूंची वळचण मिळून ४८ फूट धरली, तर १.६ चौरस फुटांसाठी अर्ध्या इंचाहून कमी रुंदीची सलग फट पुरते! जाळी लावल्यावर वाट कमी होते आणि आपला उन्हाळाही कडक, म्हणून आम्ही दीड-दोन इंच सुचवतो. जाळी लावायचीच, नाहीतर पारवे, उंदीर आणि वटवाघळे संसार थाटतील. आढ्यावरचा टोप थोडा उचलून त्याला दोन्हीकडून खाली वळवलेली पट्टी द्यावी, म्हणजे वाऱ्याचा पाऊस आत येणार नाही.

छत पत्र्याच्याच उताराने मारायचे असेल, तर आडव्या रिपा छताला चिकटवू नयेत, कारण हवा खालून वर जाते आणि आडवी रीप तिची वाट अडवते. आधी वळचणीकडून आढ्याकडे उभ्या रिपा, त्यांवर आडव्या, मग पत्रा. पत्र्याच्या नागमोडी कडेला मिस्त्री फोम भरतात, तेही फटीपाशी टाळावे लागेल. छपरावर गरगर फिरणारे गोळे बसवण्याची सूचना आली होती. वळचणीला फट नसेल तर ते खोलीतलीच हवा ओढतील, आणि फट असेल तर त्यांची फारशी गरज उरत नाही.

छतासाठी थर्माकोल स्वस्त पडते, आणि काही ठिकाणी पत्र्यावर झावळ्या किंवा उसाचा पाला घालतात. दोन्हीला आमचा ठाम विरोध आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुले गेली. शाळेच्या छपरात पेट घेणारी वस्तू नको. सिमेंटचे किंवा न जळणारे तक्ते थोडे महाग पडतात, पण त्यांनी पावसाचा आवाजही कमी होतो.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी प्रयोग. बुटांचे तीन खोके घ्या आणि प्रत्येकावर रंगाच्या डब्याचा कापलेला पत्रा तिरका ठेवा. कापायचे काम मोठ्यांनी करावे, कडा धारदार असतात. पहिल्या खोक्यात पत्र्याखाली काही नाही. दुसऱ्यात एक इंच खाली पुठ्ठा, कडा चिकटपट्टीने बंद. तिसऱ्यात तसाच पुठ्ठा, पण खालची व वरची कड उघडी. दुपारी बारा ते दोन खोके उन्हात ठेवून दर पंधरा मिनिटांनी आतले तापमान लिहा. तापमापी प्रयोगशाळेतली घ्यावी, ताप मोजायची नव्हे. तिच्यात ४२ अंशांच्या पुढे पाऱ्याला जागा नसते आणि काच फुटते. चौथा खोका करून पुठ्ठ्याऐवजी चमकता कागद लावला तर आणखी चांगले. विश्वस्तांची बैठक महिनाअखेरीस आहे. तक्ते त्याआधी विज्ञान खोलीत आणून द्यावेत, म्हणजे ते बैठकीपुढे ठेवता येतील.